दीड आटा

पुनर्विकासाचा फलक अजून न लागलेल्या ज्या तीन-चार मजली सोसायट्या कर्वेनगरात उरल्या आहेत, त्यांच्या पार्किंगमध्ये भिंतीला लागून एखादी झाकलेली स्कूटर हमखास सापडते. अंगावर जुनी चादर, टायर बसलेले, आरशाची काच गेलेली. सोसायटीच्या सभेत ती हलवण्याचा विषय निघतो आणि पुढच्या सभेपर्यंत लांबतो. शेवटी बिल्डरशी करार होतो, जागा रिकामी करायची तारीख ठरते आणि भंगारवाल्याला फोन जातो. गाडी वजनावर जाते. ‘इंजिन जाम झालं होतं,’ एवढंच तिच्याविषयी नंतर बोललं जातं.

पुष्कळदा ते इंजिन जाम झालेलं नसतं. किक खाली जाते, पिस्टन हलतो, प्लग साफ केला तर ठिणगीही पडते. पोचत नसतं ते पेट्रोल. मुठीत मावेल एवढ्या धातूच्या एका डब्यातलं, सुईच्या अग्राएवढं एक भोक बुजलेलं असतं, म्हणून. तो डबा म्हणजे कार्बोरेटर. तो एका दुपारी उघडता येतो, साफ करता येतो, बसवता येतो. ज्या गाडीवर घरातल्या दोन पिढ्या ऑफिसला, शाळेला आणि मंडईत गेल्या, ती तेवढ्या भोकापायी वितळवली जावी हे फार वाईट आहे, आणि मुख्य म्हणजे अनावश्यक आहे.

पुण्यातल्या या झाकलेल्या गाड्यांत चेतक जास्त असणं साहजिक आहे. बजाजने इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या परवान्यावर स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ साली आकुर्डीहून चेतक आली. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव, १४५ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि गाडी हातात आली की पेढे वाटायचे, तो काळ. कर्वेनगरची वस्ती वाढली तीही याच काळात. महर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत चालत जात, तेव्हा हा सगळा भाग पुण्याबाहेरचा माळ होता. पुढे याच माळावर घर घेऊन पिंपरीला किंवा कॅम्पात नोकरी करणं अनेकांना जमलं, त्यात दारातल्या स्कूटरचा वाटा मोठा होता.

आता कायद्याच्या नजरेतही या गाड्यांची जागा बदलते आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला मात्र ती चालत नाही. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या चेतक आता महाराजांच्या रोल्सरॉईस बसतात त्याच कलमात येऊन बसल्या आहेत. पण मूळ रूपात राखायची तर कार्बोरेटरही मूळचाच हवा. नवा, कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा, ठोकून बसवलेला नको.

चेतकची उजव्या बाजूची डिकी उतरवली की इंजिनावर एक चौकोनी पत्र्याची पेटी दिसते. तिचं झाकण काढलं की एअर फिल्टर, आणि फिल्टरखाली आडवा पडलेला, इटलीतल्या डेलॉर्टोच्या घराण्यातला कार्बोरेटर. डेलॉर्टोच्या परवान्याने भारतात स्पाको कंपनी हे बनवत असे. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, पाईप सोडवायचा, ॲक्सिलेटरची आणि चोकची तार काढायची, बुडाचे दोन लांब बोल्ट सोडायचे. कार्बोरेटर वर उचलला की तळाशी जे भोक उघडं पडतं, त्यात लगेच स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबायचा. त्या भोकाखाली थेट क्रँकशाफ्ट फिरतो. या इंजिनात आत येणाऱ्या हवेची झडप म्हणून क्रँकशाफ्टचीच गोल कड काम करते. एखादा वायसर किंवा वाळूचा कण आत पडला आणि तसाच फिरला, तर कडेसमोरच्या घासून बसवलेल्या पृष्ठभागावर चरा उमटतो. मग दुरुस्ती दुपारभराची राहत नाही.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा कार्बोरेटर उघडला की आधी वास येतो. ताज्या पेट्रोलचा नव्हे. आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि जड भाग वाटीच्या तळाशी चिकट, तपकिरी थर होऊन बसतो. वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटचंच काम करतो: पातळी वर आली की सुई दाबून पेट्रोल थांबवायचं, खाली गेली की सोडायचं. या सुईच्या टोकावरचं रबर कडक झालं किंवा त्याला कड पडली तर पेट्रोल थांबत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होते. फ्लोट कानाजवळ धरून हलवायचा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटला आहे; कितीही साफ केला तरी उपयोग नाही, बदलायचा.

खरी मौज जेटमध्ये आहे. डेलॉर्टोच्या पितळी जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० लिहिलं असेल तर भोक बरोबर १ मिलिमीटर. १०५ चा जेट बसवला तर व्यास पाच टक्क्यांनी वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ सव्वादहा टक्क्यांनी वाढतं आणि पेट्रोलही त्याच हिशेबात जास्त जातं. म्हणून जेटमध्ये तार घालणं हा या कामातला सर्वांत मोठा अपराध आहे. पितळ मऊ असतं. बुजलेलं भोक मोकळं करायला क्लच केबलची एक तार घातली, दोनदा फिरवली, की जेट मोकळा होतो हे खरं. पण त्यावरचा आकडा त्या क्षणापासून खोटा होतो. गाडी चालू होते आणि पुढची कित्येक वर्षं पेट्रोल जास्त पिते. ‘जुन्या गाड्या अशाच पितात,’ असं मालक सगळ्यांना सांगत राहतो. स्लो जेटचं भोक तर मिलिमीटरच्या निम्म्याच्या आसपास असतं. तिथे तार म्हणजे विध्वंसच. जेट क्लीनरमध्ये किंवा स्वच्छ पेट्रोलमध्ये भिजत ठेवायचा, मऊ ब्रशने घासायचा, हवा मारायची आणि मग तो उजेडाकडे धरून आरपार बघायचं. पूर्ण गोल, धारदार कडेचा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अर्धा किंवा अंधुक दिसला तर पुन्हा भिजत.

चेतकच्या कार्बोरेटरात मेन जेट एकटा नसतो. तीन नग एकात एक अडकवलेले असतात: खाली मेन जेट, मधे बाजूने बारीक भोकं पाडलेली नळी, वर हवेचा जेट. पेट्रोल खालून येतं, हवा वरून येते, नळीच्या भोकांतून दोघांची गाठ पडते आणि त्यांचा फेस पुढे जातो. इंजिन जोरात फिरायला लागलं की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त ओढलं जाण्याचा कल असतो. वरून येणारी हवा त्याला आवर घालते. कुठे बॅटरी नाही, सेन्सर नाही, चिप नाही. भोकांच्या मापांनी सोडवलेलं हे गणित आहे, आणि ते सोडवणाऱ्यांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

या गणिताचं मूळ जुनं आहे. नळी जिथे अरुंद होते तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनियल बर्नुलीने १७३८ साली आपल्या ग्रंथात वेग आणि दाब यांचं नातं मांडलं. इटलीच्या व्हेंच्युरीने अरुंद गळ्याच्या नळीचा अभ्यास केला, म्हणून त्या गळ्याला आजही व्हेंच्युरीच म्हणतात. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर बनवला. बुडापेस्टच्या रस्त्यावर फुलवाली तोंडाने फुलांवर पाणी फवारत होती, ती बघून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट हंगेरीत सांगतात. त्याआधीच्या गाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती हवा फिरवून तिच्यात वाफ मिसळत. फवारा आला आणि इंजिनाला हव्या त्या क्षणी हवं तेवढं पेट्रोल देता येऊ लागलं.

किती पेट्रोल? वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. हवा हलकी असते, म्हणून हे प्रमाण आकारमानात मांडलं की डोळे उघडतात: एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा हवी. आपण पेट्रोलचे भाव मोजतो, पण गाडी प्रामुख्याने हवेवर चालते. त्यामुळेच हवेत फरक पडला की गाडीच्या वागण्यात फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, सिंहगडाचा माथा तेराशे मीटरच्या आसपास. वर हवा विरळ होते, पण जेटचं भोक तेवढंच राहतं. मिश्रण दाट होतं आणि दोन माणसं घेऊन डोणज्याहून चढणारी स्कूटर शेवटच्या वळणांवर जड वाटू लागते. त्यात चढाचा भाग मोठा, पण विरळ हवेचाही वाटा असतोच.

दोन-स्ट्रोक इंजिनात एक गोष्ट जिवावरची आहे. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेलं असतं आणि पिस्टनला, बेअरिंगला वंगण मिळतं ते याच मिश्रणातून. म्हणजे ऑईलही कार्बोरेटरमधूनच जातं. ॲव्हरेज वाढावं म्हणून कुणी लहान जेट बसवला, तर इंजिनाचं अन्नही कमी झालं आणि वंगणही. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. खाली पॅकिंग फाटलं असेल, किंवा बोल्ट अति आवळल्याने कार्बोरेटरचा तळ वाकला असेल, तरी हेच घडतं. फटीतून बाहेरची हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, गाडी ‘एअर घेते’. जाणता मेकॅनिक कार्बोरेटरचा तळ काचेच्या तुकड्यावर टेकवून बघतो. डुगडुगला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो हलक्या हाताने सपाट करतो, नवं पॅकिंग लावतो आणि बोल्ट बेताने आवळतो. एवढ्या कामाने कितीतरी पिस्टन वाचतात.

जोडणी झाली की सेटिंग, आणि इथे डोळ्यांचं काम संपून कानाचं सुरू होतं.

कार्बोरेटरच्या मागच्या बाजूला मिश्रणाचा एक छोटा स्क्रू असतो. तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवायचा, टेकला की थांबायचं. आवळला तर टोक बिघडतं. तिथून दीड आटा बाहेर. ही फक्त सुरुवात. गाडी चालू करायची, चोक बंद करायचा आणि कर्वेनगर चौकापासून वनदेवीच्या बाजूने एक फेरी मारून यायचं. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग गरम इंजिनावर टिकत नाही. मग गाडी स्टँडवर घेऊन वरच्या स्क्रूने आयडलिंग थोडं चढं ठेवायचं आणि मागचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवायचा. प्रत्येक पाव आट्यानंतर हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. इंजिनाला उत्तर द्यायला काही सेकंद लागतात; घाई करणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

स्क्रू फार आत गेला की मिश्रण पातळ होतं. आवाज टोकदार, कोरडा होतो, रेस आपोआप चढते, सोडली तरी लगेच खाली येत नाही. फार बाहेर आला की आवाज भरून येतो, गाडी एकाआड एक ठोका गाळते, धूर वाढतो, प्लग ओला होतो. या दोहोंच्या मधे एक जागा असते, जिथे इंजिन सगळ्यात वेगात आणि सगळ्यात एकसारखं फिरतं. ती सापडली की तिथून किंचित बाहेर, म्हणजे थोडं दाटच ठेवायचं, आणि आयडलिंग खाली आणायचं. “काका, आता एकदम रेस द्या,” मेकॅनिक म्हणतो. गाडीने अडखळता कामा नये. अडखळली तर आणखी एक अष्टमांश आटा.

बुलेट आणि येझ्दीच्या धन्यांसाठी इथे एक इशारा. बुलेटच्या जुन्या अमल किंवा मिककार्ब कार्बोरेटरात हा बाजूचा स्क्रू हवेचा असतो. तो आत घातला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रण दाट होतं. चेतकच्या बरोबर उलट. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर तसाच चालवला की अख्खा दिवस वाया जातो.

कान काय म्हणतो ते प्लगने पडताळायचं. चांगल्या वेगात थोडं अंतर चालवून गाडी बंद करायची, प्लग काढून बघायचा. काळा आणि काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, चॉकलेटी असेल तर बरोबर. पीयूसीचं यंत्रही शेवटी हेच सांगतं, आकड्यात. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ४.५ टक्के आहे आणि नीट सेट केलेली जुनी गाडी ती पाळू शकते.

पद्मिनीवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं असे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या या गाडीला सोलेक्सचा कार्बोरेटर होता, आणि उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोलची वाफ पंपातच अडकून ती बंद पडे. मग पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघायची. मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी अजून धावताहेत.

जुन्या कार्बोरेटरांसमोरचं आजचं संकट पेट्रोलमध्येच आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात इथेनॉलविषयी वावगं बोलायचं कारण नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचं रबर, पॅकिंग आणि जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या गाडीत हे पाणी तळाशी साचतं, वाटीच्या भिंतीवर पांढरी भुकटी धरते, जुनी रबरं फुगतात. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आपोआप पातळ पडतं. उपाय आहेत: इथेनॉल सोसणारी सुई आणि पाईप बसवायचे, आणि प्लग पांढरा पडत असेल तर जेट एखाद-दोन नंबर मोठा करायचा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुन्या बजाजचं सामान अजून शोधता येतं, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नशीब असेल तर मूळचा नगही हाताला लागतो.

सामानापेक्षा अवघड आहे ते माणूस मिळणं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला; पेट्रोल इंजेक्टरने जाऊ लागलं. त्याच वर्षी जानेवारीत चेतक हे नाव परत आलं, पण विजेवर. हे बदल हवेसाठी चांगले आहेत आणि त्यांच्याविषयी तक्रार नाही. मात्र आज वीस वर्षांचा असलेला मुलगा गॅरेजमध्ये शिकायला आला, तर त्याला कार्बोरेटर क्वचितच उघडलेला दिसतो. ज्यांच्या कानात ते सेटिंग आहे ती माणसं साठीच्या पुढे गेली आहेत.

कर्वेनगरला ही उणीव भरून काढणं जड जाऊ नये. इथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून मुलींना यंत्रांचं शिक्षण देतं आहे, आणि शेजारच्या कोथरूडला डिझेल इंजिनं बनली. बर्नुलीचं समीकरण फळ्यावर लिहिणाऱ्या वर्गात टेबलावर एक चेतकचा कार्बोरेटर ठेवायला हवा. विद्यार्थिनींनी तो स्वतः खोलावा, जेट उजेडाकडे धरून बघावा, आणि परिसरातल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला बोलावून दीड आट्यानंतरचा आवाज ऐकून घ्यावा. यंत्राच्या पोटातला इतका उघडा, हाताळता येणारा भाग शिकणाऱ्याला आता क्वचितच मिळतो.

आणि ज्यांच्या पार्किंगमध्ये चादरीखाली गाडी आहे, त्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी एवढं करावं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं. ओळखीच्या जुन्या मेकॅनिककडून कार्बोरेटर उघडून घ्यावा आणि समोर उभं राहून सांगावं, ‘जेटमध्ये तार घालू नका.’ जेटवरचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या माणसाला ते लागतील. गाडी चालू झाली की पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅनॉल रोडवरून फिरवून आणावी. महिनाभर वापरायची नसेल तर आधी कॉक बंद करावा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावं.